खाण त्यांची, तूट कोणाची?



खाणीत जंगल गेले की आपल्याकडे ‘पर्यायी वनीकरण’ करतात, म्हणजे दुसरीकडे झाडे लावतात. आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर आंबाटोव्हीच्या निकेल खाणीने निराळी रीत काढली. खाणीपायी दोन हजार हेक्टरांवर जंगल गेले. कंपनी म्हणाली, आम्ही दुसरे चार जंगलपट्टे राखतो. तिथे जेवढे तुटले असते आणि वाचले, तेवढे आमच्या खात्यात जमा धरा.

आता तिथे जंगल तोडत कोण होते? डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून, भात पेरणारा गरीब शेतकरी. त्या शेतीला तिकडे ‘तावी’ म्हणतात.

2022 साली शास्त्रज्ञांनी हिशेब प्रसिद्ध केला. 2,064 हेक्टर गेले, 2020 पर्यंत 1,644 वाचले. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, आकडा नाकारत नाही. लेमूर वाचले, पाणी धरणारे डोंगर वाचले, चांगलेच झाले. पण कोयता खाली ठेवला कोणी? त्याचे भात बुडाले ते कुठल्या खात्यात नावे पडले? कोंबड्या, मधमाश्या, सुधारित शेतीचे शिक्षण दिले म्हणतात. अभ्यासकच लिहितात, ज्यांचे नुकसान जास्त त्यांच्या पदरात ते फारसे पडले नाही. (लेव्हीची ज्वारी घातलेल्यांना हा व्यवहार समजावून सांगायला नको.)

आमची मागणी साधी आहे. हेक्टर मोजता तशी भाताची पोतीही मोजा, आणि जंगल राखायचे आहे तोवर त्या गावांना राखणीचा मोबदला दरसाल, रोख, निकेलच्या पैशातून द्या.