पाचशे ओंडके



तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ब्रह्मपुत्रेचा धडा आला की फळ्यावर निळ्या खडूने एक रेघ ओढायची. मानसरोवराच्या आसपास सुरुवात, तिथून हिमालयाला उजव्या हाताशी ठेवून सोळाशे किलोमीटर पूर्वेला, आणि मग माशाच्या गळासारखं एकदम वळण घेऊन खाली आसामात. ते वळण काढायला मला दोन सेकंद पुरायचे. त्या वळणात खरोखर काय आहे याचा उलगडा व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. त्यातली चार वर्षं किंथुप नावाच्या माणसाने कशी काढली, ते आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी कोडं काय होतं ते पाहू. तिबेटात या नदीला त्सांगपो म्हणतात. तिबेटच्या पठारावर ती तीन हजार मीटरहून जास्त उंचीवरून संथपणे वाहते, इतकी संथ की तिथे चामड्याच्या नावा चालतात. पुढे पूर्वेला डोंगरात शिरते आणि दिसेनाशी होते. इकडे आसामच्या बाजूला डोंगरातून एक प्रचंड प्रवाह बाहेर पडतो, दिहांग त्याचं नाव. तो मैदानात येतो तेव्हा समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीवर असतो. दिबांग आणि लोहित येऊन मिळाल्या की त्याचा ब्रह्मपुत्र होतो. आपण त्याला नदी न म्हणता नद म्हणतो, ते त्याचा तो विस्तार पाहिला की पटतं. आता प्रश्न असा, की वर गुप्त झालेली ती नदी आणि खाली प्रकट झालेला हा नद एकच का? जेम्स रेनेल या सर्वेक्षकाने 1765 च्या सुमारास ब्रह्मपुत्रेची मोजणी केली आणि दोन्ही एकच असं मत दिलं. द'आंविल या फ्रेंच नकाशाकाराने त्सांगपो ब्रह्मदेशात जाऊन इरावती होते असं मांडलं होतं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं दोन्ही बाजूंनी विद्वान भांडत राहिले.

जाऊन बघावं, तर वाट बंद. तिबेटने परक्यांना दारं लावून घेतली होती. खालच्या बाजूला आज ज्यांना आपण आदी म्हणतो ते लोक आपल्या जंगलात बाहेरच्याला पाऊल टाकू देत नव्हते. शिवाय मध्ये उभे दोन पहाड, 7,782 मीटरचा नमचा बारवा आणि 7,294 मीटरचा ग्याला पेरी, आणि नदी या दोघांच्या मधून जाते. एवढ्या थोड्या अंतरात पाणी अडीच-तीन हजार मीटर खाली येतं, तेव्हा त्या घळीत कुठेतरी नायगाऱ्यालाही मागे टाकणारा धबधबा असलाच पाहिजे, अशी युरोपातल्या लोकांची खात्रीच झाली होती.

मग भारतीय सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी युक्ती काढली. गोरा माणूस जाऊ शकत नसेल, तर डोंगरातलाच माणूस यात्रेकरू किंवा व्यापारी म्हणून पाठवावा. कुमाऊंतल्या मिलम गावचे नैनसिंह रावत शाळामास्तर होते, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत, आणि पुढे अशा सगळ्याच माणसांना तेच नाव पडलं. डेहराडूनला त्यांना एकसारखं पाऊल टाकायला शिकवलं. चढ असो, उतार असो, दोन हजार पावलांना एक मैल. जपमाळ 108 मण्यांची असते हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या माळेत शंभरच मणी होते. शंभर पावलांना एक मणी ओढायचा, माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. तिबेटी लोक जप करताना फिरवतात त्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी टिपणांच्या चिठ्ठ्या असत. पाणी किती तापमानाला उकळतं ते पाहून जागेची उंची काढायची. नैनसिंह जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले, आणि त्सांगपोच्या काठाने चालत त्यांनी तिचा मोठा टप्पा नकाशावर आणला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. त्यांचे चुलतभाऊ किशनसिंह 1878 ते 1882 अशी चार वर्षं तिबेटात फिरले. पूर्वेच्या बाजूने परतताना त्यांना त्सांगपो कुठेच ओलांडावी लागली नाही. ती तिकडे वाहतच नव्हती, तेव्हा इरावतीची बाजू लंगडी पडली.

पण लंगडी पडणं वेगळं आणि पुरावा वेगळा. हारमन नावाच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याने आसामात उतरणाऱ्या नद्यांचं पाणी मोजलं होतं, त्यात दिहांग सगळ्यांत थोरली ठरली होती. त्याने ठरवलं, की वर तिबेटात खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे. रोज पन्नास, असे दहा दिवस, एकूण पाचशे. खाली दिहांगच्या काठावर माणसं पहाऱ्याला ठेवायची. ओंडके आले, तर नदी एकच. पोरांनी ओढ्यात कागदी होडी सोडून दुसऱ्या टोकाला पळत जावं, तितकी साधी ही कल्पना होती.

1880 मध्ये हारमनने दार्जिलिंगहून एका लामाला या कामावर पाठवलं आणि त्याचा नोकर म्हणून बरोबर दिला किंथुप. किंथुप सिक्कीमचा, दार्जिलिंगला शिवणकाम करणारा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी एकदा तो नेमसिंग नावाच्या दुसऱ्या सर्वेक्षकाबरोबर घळीच्या तोंडाशी असलेल्या ग्याला गावापर्यंत जाऊन आला होता, म्हणून त्याची निवड झाली. कामाची जबाबदारी लामाची होती, किंथुपने ओझी वाहायची.

लामाचं लक्ष कामात नव्हतं. एका गावात तो यजमानाच्या बायकोत गुंतला आणि चार महिने तिथून हलला नाही. शेवटी प्रकरण मिटवायला पंचवीस रुपये लागले, ते किंथुपने भरले. पुढे मे 1881 मध्ये तोंगक्यूक नावाच्या गढीत लामा किल्लेदाराशी काहीतरी बोलला, दोन-तीन दिवसांत येतो म्हणून घोड्यावर बसून गेला, आणि परत आलाच नाही. काही दिवसांनी किंथुपला कळलं, की घोड्याच्या बदल्यात लामाने त्यालाच विकून टाकलं आहे. तो आता किल्लेदाराचा गुलाम होता.

दहा महिने त्याने तिथे राबून काढले. मार्च 1882 मध्ये संधी मिळाली आणि तो पळाला.

हा प्रसंग सांगताना वर्गात मी दर वेळी थांबत असे. नकाशा डोळ्यांपुढे आणा. घर पश्चिमेला, दार्जिलिंगला. लामा पळाला, पैसे गेले, हातात एकही साधन उरलं नाही. परत येऊन ‘माझी फसवणूक झाली’ एवढं सांगितलं असतं, तर त्याला कोणी दोष दिला नसता. किंथुप मात्र खाली वळला, नदीच्या अंगाला, जिथे जायला सांगितलं होतं तिकडे. पेमाको नावाच्या त्या मुलखात तो मारपुंगच्या मठापर्यंत पोचला, तोच किल्लेदाराची माणसं माग काढत आली. त्याने मोठ्या लामाच्या पायांवर लोळण घेतली. त्या लामाने किल्लेदाराला पन्नास रुपये देऊन त्याला विकत घेतलं. मालक बदलला, गुलामी तीच.

साडेचार महिने चाकरी केल्यावर त्याने यात्रेला जायची रजा मागितली. रजा मिळाली. तो नदीकाठच्या जंगलात गेला आणि एकट्याने झाडं तोडून फूटभर लांबीचे पाचशे ओंडके तयार केले. माणसाचं पाऊल पडणार नाही अशा गुहेत ते रचून ठेवले आणि रजा संपल्यावर मठात परत आला. पळून गेला नाही, परत आला.

पण नुसते ओंडके सोडून काय उपयोग? खाली पाहणाऱ्यांना दिवस कळायला हवा. दोन महिन्यांनी त्याने पुन्हा रजा मागितली, आता त्सारीच्या पवित्र डोंगराची यात्रा. तिथून पुढे तो थेट ल्हासाला गेला. तिथे सिक्कीमच्या एका काझीची बायको भेटली, ती गावी परत निघाली होती. तिच्या मदतीने त्याने नेमसिंगच्या नावाने पत्र लिहून घेतलं. लामाने मला विकलं, सरकारी सामान घेऊन तो पळाला, तरी मी पाचशे ओंडके तयार ठेवले आहेत. तिबेटी पंचांगाच्या अमुक वर्षी, दहाव्या महिन्यात पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत, पेमाकोतल्या बिपुंगहून रोज पन्नास सोडीन, असा त्याचा मजकूर होता. पत्रात तक्रार एका वाक्याची आणि बाकी सगळं काम. पत्र रवाना करून तो पुन्हा मारपुंगला आला आणि आणखी नऊ महिने राबला. शेवटी त्याची भक्ती पाहून लामानेच त्याला मोकळं केलं.

ठरलेल्या दिवशी तो गुहेपाशी गेला. पहिल्या दिवशी पन्नास ओंडके सोडले, दुसऱ्या दिवशी पन्नास. थंडी सुरू झालेली, काठावर एकटा माणूस, एकेक तुकडा उचलून पाण्यात टाकतो आहे आणि तो वळणाआड जाईपर्यंत नजरेने पोचवतो आहे, हे दृश्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. दहा दिवसांत पाचशे संपले.

खाली काठावर कोणी नव्हतं. हारमन आजारपणामुळे भारत सोडून गेले होते आणि 1883 मध्ये फ्लॉरेन्सला वारले होते. पत्र ज्याला मिळायला हवं त्याच्या हाती वेळेवर पोचलंच नाही. ओंडके आदी लोकांच्या गावांखालून, सदियाच्या बाजूने, ब्रह्मपुत्राच्या पात्रात मिसळून गेले असणार. कुणी सरपणाला उचलले असतील तर तेवढेच.

किंथुपला यातलं काही माहीत नव्हतं. तो नदीच्या काठाने आणखी खाली निघाला. चालत-चालत आसामच्या हद्दीपासून तीस-चाळीस मैलांवर येऊन ठेपला. तिथे पुढे जाणं जिवावरचं होतं म्हणून माघारी फिरला आणि ल्हासावरून वळसा घालून नोव्हेंबर 1884 मध्ये दार्जिलिंगला घरी पोचला. तो दूर होता तेवढ्यात त्याची आई गेली होती.

त्याची हकिकत पुढे लिहून घेतली गेली, तीही आठवणीवरून. किंथुपने तोंडी सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने इंग्रजी करायचं. त्यात एक वाक्य असं आलं, की पेमाकोचुंग मठाजवळ नदी दीडशे फूट कड्यावरून कोसळते, खाली तळं आहे आणि त्यावर सदैव इंद्रधनुष्य दिसतं. धबधब्याच्या शोधात असलेल्यांनी तेवढं वाक्य उचलून धरलं. बाकीच्या हकिकतीवर, म्हणजे गावांच्या नावांवर, अंतरांवर, वळणांवर, पुष्कळांनी भरवसा ठेवला नाही. निरक्षर माणसाच्या चार वर्षांच्या आठवणीला काय आधार, असं त्यांना वाटलं. मला हे आजही खटकतं. शिंपी माप डोक्यात ठेवतो, कागदावर नाही.

1913 मध्ये कॅप्टन बेली आणि कॅप्टन मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या घळीत शिरले. किंथुपची हकिकत त्यांना ठाऊक होती. आणि ते चालत गेले तसतशी एकेक जागा त्या हकिकतीशी जुळत गेली. फक्त पेमाकोचुंगचा धबधबा निघाला तीस फुटांच्या आसपास. मोठा धबधबा नाहीच! लोकांची निराशा झाली. घळीचा मधला थोडा भाग मात्र कोणी पाहिला नव्हता. 1924 मध्ये किंग्डन-वॉर्ड तिथे जाऊन आला, तरी काही मैल उरलेच, आणि 1998 मध्ये तिथे शंभर फुटांच्या घरातला एक धबधबा खरोखर सापडला. पण ते पुढचं.

बेलींना त्या दीडशे फुटांनी स्वस्थ बसू दिलं नाही. इतकी सगळी नावं बरोबर सांगणारा माणूस एकाच ठिकाणी एवढा कसा चुकला? उत्तर ग्याला गावी मिळालं. तिथे समोरच्या काठावर एक लहान ओढा उंच कड्यावरून खाली येतो, आणि त्या पाण्याच्या पडद्यामागे खडकात शिंजे चोग्याल, म्हणजे तिबेटी लोकांचा यमराज, कोरलेला आहे. पाणी कमी झालं की तो दिसतो. यात्रेकरू त्याला नमस्कार करायला येतात. इंग्रजी हकिकतीत धबधब्याला नाव दिलं होतं ते याच देवाचं. किंथुपने दोन वेगवेगळे धबधबे सांगितले होते, ओढ्याचा आणि नदीचा. लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र करून टाकले होते.

परत आल्यावर बेलींनी किंथुपचा शोध घेतला. तो दार्जिलिंगला अजून कपडे शिवतच होता. त्याला विचारलं, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचं त्याने चटकन सांगितलं: नदीचा धबधबा घराएवढा, उंच होता तो ओढ्याचा. त्याने सांगितलेली नावं, त्याच्या वाटा, सगळं अजून जागच्या जागी होतं.

त्याला निवृत्तिवेतन मिळावं म्हणून बेलींनी सरकारकडे खटपट केली. सरकारने एकरकमी एक हजार रुपये दिले. ते मिळाले आणि त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारला.