पाऊस ओढ देतो तेव्हा

(टेमघर, तालुका भिवंडी, येथे प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मागच्या खेपेस वर्ग सुटला, तेव्हा एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? २०२३ साली मे महिन्यात आमच्या घरी सून आली. जुलैत पाऊस धो धो पडला. लावणी झाली. आणि ऑगस्टात पावसाने अशी ओढ दिली, की खाचरांना भेगा पडल्या. घरातले म्हणाले, सुनेचा पायगुण वाईट. अजून म्हणतात. पोरगी ऐकते आणि रडते. खरंच असं असतं का हो?"

मी त्यांना म्हटले, नाही. पण नुसत्या 'नाही'ने घरची माणसे गप्प बसत नाहीत. ती विचारतात, मग पाऊस गेला कुठे? तेच आज सांगणार आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या ऑगस्टात पावसाने एकट्या टेमघरला ओढ दिली नव्हती. मराठवाडा कोरडा होता. कर्नाटक कोरडे होते. भरपूर पावसाचे केरळ, तेही कोरडे होते. सबंध देशाच्या पावसाची नोंद १९०१ पासून आहे. तेव्हापासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. एवढ्या मुलखाचा पाऊस एका पोरीच्या पायाने कसा अडेल?

आता समुद्राकडे वळू. आपल्या देशाच्या पूर्वेला, खूप दूर, प्रशांत महासागर आहे. जगातला सर्वांत मोठा समुद्र तो. त्याच्या एका काठाला इंडोनेशिया, दुसऱ्या काठाला दक्षिण अमेरिकेतला पेरू देश. या समुद्रावर पेरूकडून इंडोनेशियाकडे वारा वाहतो. वरचे तापलेले पाणी तो इंडोनेशियाकडे ढकलतो.

तुम्ही बशीतल्या चहावर फुंकर मारता. साय पलीकडच्या काठाला जाते. फुंकर थांबली, की साय परत येते. तसेच हे. काही वर्षी तो वारा मंदावतो. मग तापलेले पाणी पेरूच्या बाजूला परत सरकते.

जिथे समुद्र तापतो, तिथली हवा वर चढते. ढग होतात, पाऊस पडतो. वर चढलेली हवा दुसरीकडे खाली उतरते. जिथे ती उतरते, तिथे ढग धरत नाहीत. तापलेले पाणी पेरूकडे गेले, की पाऊसही तिकडे जातो. आपल्या बाजूला मग हवा खाली दाबली जाते आणि आपला पाऊस अडखळतो.

पेरूच्या कोळ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होते. नाताळच्या सुमारास पाणी ऊन होई आणि मासळी नाहीशी होई. त्यांनी त्याला नाव दिले एल निनो, म्हणजे बाळ. बाळ येशूवरून हे नाव पडले. दोन ते सात वर्षांत केव्हातरी हे बाळ येते. त्याची तिथी ठरलेली नाही. ते पंचांगात सापडत नाही. २०२३ साली ते आले होते.

याने किती घरे बसतात ते सांगतो. १८७६ साली घाटावर पाऊस बुडाला. १८७७ साली समुद्रात फार मोठा एल निनो होता. दख्खनेत आणि मद्रासेकडे दुष्काळाने लाखो माणसे मेली. घाटावरची माणसे पोटासाठी मुंबईकडे चालत आली. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये दुष्काळ होता. ब्राझीलच्या ईशान्य भागातही होता. या लोकांनी एकमेकांची नावेही ऐकली नव्हती. प्रत्येकाने आपल्याच पापाला बोल लावला असेल.

पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती आपल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. देशोदेशीच्या केंद्रांवर कारकून रोज हवेचा दाब आणि पाऊस लिहून ठेवत. वॉकरसाहेबांनी ते आकडे जमवले. हाताखालच्या हिंदी कारकुनांकडून वर्षानुवर्षे हिशेब करून घेतले. तेव्हा दिसले, की प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो. हा चढला की तो उतरतो. तराजूच्या पारड्यांसारखे. त्या कारकुनांची नावे कोणी सांगत नाही, पण निम्मे श्रेय त्यांचे आहे असे मला वाटते.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. घाटावर लोक खडी फोडायला गेले. सुकडी खाल्ली. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळाली. त्याही वर्षी एल निनो होता. तिकडे पेरूची मासळी गेली आणि होड्या काठाला लागल्या. रशियाचा गहूही त्याच साली बुडाला. रशियाने अमेरिकेचा गहू गाड्यांनी, बोटींनी उचलला. जगात गव्हाचा भाव कडाडला. आपल्याला धान्य हवे होते, तेव्हाच ते महाग झाले.

२०२३ साली उलटे झाले. तांदळाचे भाव चढू लागले. म्हणून आपल्या सरकारने जुलैमध्ये साधा पांढरा तांदूळ परदेशी पाठवणे बंद केले. लगेच थायलंड आणि व्हिएतनामच्या तांदळाचे भाव चढले. आफ्रिकेतली गरीब माणसे आपलाच तांदूळ विकत घेऊन खातात. त्यांची चूल अडली. ही बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

तर मग एल निनो आला की दुष्काळ आलाच, असे म्हणायचे का? नाही, नाही. इथेच लोक फसतात. १९९७ साली शतकातला एक जबर एल निनो आला. सगळे घाबरले. इंडोनेशियात पाऊस बुडाला, रानेच्या राने जळाली. पण आपल्या देशात पाऊस सरासरीहून थोडा जास्तच झाला! २००२ साली एल निनो त्याहून कमजोर होता. तरी जुलैचा पाऊस निम्म्यावर आला.

असे का? हिंदी महासागराचाही स्वतःचा झोका आहे. कधी आफ्रिकेकडची बाजू तापते, कधी इंडोनेशियाकडची. आफ्रिकेकडची तापली, तर आपल्याला पाऊस बरा होतो. १९९७ साली या झोक्याने हात दिला. पण २०१९ साली तोच झोका जोरात गेला आणि पाऊस परतायचे नाव घेईना. ऑक्टोबरच्या अखेरीस कोकणात कापलेले भात खाचरात भिजले. लोंब्यांना कोंब फुटले. जो तारतो तोच बुडवतो, अशी ही गत.

काही जण विचारतील, जग तापते आहे म्हणतात, त्याचेच हे का? धुराने जग तापते आहे हे खरे. पण हा फेरा त्याच्या फार आधीपासूनचा आहे.

आपल्याकडे सह्याद्री ढग अडवतो. म्हणून ठाणे जिल्ह्यात पाऊस सगळाच्या सगळा बुडत नाही. आपला घात खंडाने होतो. लावणीच्या वेळी किंवा भात निसवताना पंधरा दिवस कोरडे गेले, की दाणा पोचट. हवामान खाते एप्रिलमध्ये पहिला अंदाज देते. मेच्या अखेरीस दुसरा देते. तो सबंध देशाचा असतो, टेमघरचा नसतो. आणि 'शक्यता' हा शब्द नीट वाचा. शक्यता म्हणजे वचन नव्हे. अंदाज वाईट आला म्हणून शेत ओसाड टाकू नका. सगळे बी एकाच दिवशी राबात टाकू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा टाका. उंच खाचरात हळवे भात लावा, सखल खाचरात गरवे. जुनी माणसे असेच करत. त्यांना एल निनो ठाऊक नव्हता, पण खंड ठाऊक होता.

त्या बाईंना मी एक काम सांगितले आहे, तेच तुम्हालाही सांगतो. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्या. अंगणात उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतले पाणी पट्टीने मोजा, कारण सरकारी केंद्रावरही त्याच वेळी मोजतात. मग डबा रिकामा करा. वहीत तारीख, नक्षत्र आणि पाणी लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. त्या घरी ही वही सुनेच्याच हाती द्यायची ठरली आहे. मृगाला सुरुवात करू.