एकच युद्ध, अनेक क्रमिक पुस्तके

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी युद्धाचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. त्यातून आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. बी. ए.पर्यंत इतिहास शिकलो आणि पुढील आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीच्या हुकुमासरशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्यात गेले. परंतु या भटकंतीने एक गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली. शाळा बदलली की मुलांचे क्रमिक पुस्तक बदलते आणि पुस्तक बदलले की इतिहासातील नायक व खलनायक यांच्या जागाही कधी कधी बदलतात. परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. राष्ट्राराष्ट्रांत तो फार मोठ्या प्रमाणावर येतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभी एक साधा प्रश्न विचारू. दुसरे महायुद्ध सुरू केव्हा झाले? पोलंडमधील विद्यार्थी सांगेल, १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएट रशियाने पूर्वेकडून त्याच्या देशावर चाल केली तेव्हा. रशियातील विद्यार्थ्याच्या मनावर २२ जून १९४१ हा दिवस कोरलेला असतो. त्या दिवसापासूनच्या लढ्याला तेथे ‘महान देशभक्तीपर युद्ध’ असे नाव आहे. अमेरिकन मुलाला प्रथम आठवते ती ७ डिसेंबर १९४१ ही पर्ल हार्बरची तारीख. चीनमध्ये जपानविरुद्धचे युद्ध १९३७ पासून आठ वर्षांचे म्हणून शिकविले जात असे. २०१७ मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाने ते १९३१ च्या मांचुरियावरील हल्ल्यापासून, म्हणजे चौदा वर्षांचे, धरावे असे ठरविले.

यांपैकी कोणतीही तारीख खोटी नाही. पण १९४१ पासून कथा सुरू केली की १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात झालेला करार सहज मागे पडतो. त्या करारातील गुप्त कलमांचे अस्तित्वच सोव्हिएट सरकारने कित्येक दशके नाकारले होते. ती कबुली डिसेंबर १९८९ मध्ये आली. आपले हिंदी सैनिक या युद्धात सुमारे २५ लाख होते आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. पण ब्रिटिश शाळांत लंडनवरील बाँबवर्षावाला जे स्थान मिळत आले, त्याच्या अंशानेही या दुष्काळाला लाभले नाही. आपल्या शाळांतही हे महायुद्ध ‘चले जाव’ चळवळ आणि आझाद हिंद सेना यांची पार्श्वभूमी म्हणूनच मुख्यतः भेटते. प्रत्येक देश आपली जखम तेवढी मुलांना दाखवितो.

या बाबतीत जपानची हकीकत विशेष उद्बोधक आहे. तेथे क्रमिक पुस्तके खाजगी प्रकाशक काढतात, पण सरकारी तपासणीत मंजूर झाल्यावाचून ती वर्गात जात नाहीत. इएनागा साबुरो या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या पुस्तकावर या तपासणीत आक्षेप घेण्यात आले. त्यांनी १९६५ मध्ये सरकारविरुद्ध फिर्याद केली. पुढे १९६७ आणि १९८४ मध्ये आणखी दोन केल्या. शेवटचा निकाल १९९७ मध्ये लागला. म्हणजे सारा झगडा बत्तीस वर्षे चालला! तपासणीची पद्धत घटनेला धरून आहे, असेच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले; मात्र चीनमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या ‘७३१ क्रमांकाच्या’ लष्करी तुकडीचा उल्लेख काढावयास लावणे बेकायदेशीर होते, असा निर्णय दिला. एका शिक्षकाने पुस्तकातील काही ओळींसाठी आयुष्यातील एवढा काळ वेचावा, यातच त्या ओळींचे मोल दिसून येते.

दरम्यान १९८२ मध्ये दुसरेच वादळ उठले. जपानी फौजांच्या चीनमधील कारवाईला ‘आक्रमण’ न म्हणता ‘आगेकूच’ म्हणावे, असे सरकारने सुचविल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील तपशील सर्वस्वी बिनचूक नव्हता, तरी चीन आणि कोरिया यांनी तीव्र निषेध नोंदविला आणि शेजारी राष्ट्रांच्या भावनांचा विचार व्हावा, असे कलम तपासणीच्या नियमांत घालणे जपानला भाग पडले. आम्हा सरकारी नोकरांना याचे नवल वाटू नये. एका शब्दाने सारे प्रकरण कसे पालटते, हे मसुदे लिहिण्यात हयात घालविणाऱ्यांना ठाऊकच आहे.

मग यातून मार्ग कोणता? तो युरोपात काही प्रमाणात सापडला. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात १८७०, १९१४ आणि १९३९ अशी सत्तर वर्षांत तीन युद्धे झाली. तरीही १९५१ मध्ये दोन्ही देशांचे इतिहासशिक्षक एकत्र बसले आणि वादग्रस्त प्रश्नांवर त्यांनी संयुक्त निवेदन तयार केले. त्याच वर्षी गेओर्ग एकर्ट यांनी ब्राउनश्वाइग येथे क्रमिक पुस्तकांच्या सुधारणेसाठी एक संस्था काढली. १९७२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने जर्मन आणि पोलिश विद्वानांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पुढे २००३ मध्ये दोन्ही देशांतील तरुणांच्या एका संमेलनात फ्रान्स व जर्मनी यांनी एकच पुस्तक वापरावे, अशी मागणी झाली आणि २००६ मध्ये त्याचा पहिला खंड दोन्ही भाषांत, एकाच मजकुराचा, बाहेर पडला. पूर्व आशियातही चिनी, जपानी आणि कोरियन अभ्यासकांनी २००५ मध्ये आपल्या तीन भाषांत एक संयुक्त पुस्तक काढले. मात्र ते पूरक वाचनापुरतेच होते.

या प्रयत्नांचे मर्म आम्हांस असे वाटते की, तेथे कोणी कोणाला आपला इतिहास विसरावयास सांगितले नाही. एकमत झाले तेथे एकमत लिहिले. झाले नाही तेथे मतभेद स्वच्छ नोंदविला. विद्यार्थ्याच्या हाती दोन्ही बाजूंची कागदपत्रे दिली.

आता हा आरसा थोडा आपल्याकडे वळवू. आमची नेमणूक कलकत्त्यास असताना शेजारच्या एका वृद्ध गृहिणीने आमच्या मुलीला झोपविताना एक बंगाली अंगाई म्हटली. आपल्याकडे बागुलबुवा येतो, तेथे ‘बर्गी’ येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर! १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी खणलेला खंदक ‘मराठा डिच’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात गावे जाळल्याची, बायकामुलांवरील अत्याचारांची वर्णने आहेत. आपल्या वाचनात मात्र येते ते वेगळेच : १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्करपंतांना वाटाघाटीस बोलावून दगाबाजीने मारले आणि अखेर १७५१ च्या तहात सालीना बारा लाखांची चौथाई कबूल केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भास्करपंतांची हत्या घडली, तद्वत् बंगालची गावेही जळाली.

दुसऱ्या दिवशी मुलीने विचारले, “बाबा, ते बर्गी म्हणजे आपण का?” आम्ही तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. हो, ती आपलीच माणसे होती. ती शूर होती आणि त्यांनी गरिबांना लुटलेही. तिने हे सारे सहज ऐकून घेतले. मुलांना सत्य पेलते, असा आमचा अनुभव आहे.

आपण परप्रांतात राहतो, म्हणून या बाबतीत आपली जबाबदारी अधिक आहे. आपल्या मुलांना घरी शिवरायांचा इतिहास मिळतो आणि शाळेत त्या त्या प्रांताचा. कित्येक घरांत मुलाला सांगितले जाते की, शाळेतले परीक्षेपुरते लिही, खरे आपले. याने मुलाच्या मनात दोन कप्पे तयार होतात आणि त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. त्याऐवजी मंडळाच्या ग्रंथालयात मराठी इतिहासग्रंथांशेजारी या प्रांताच्या इतिहासाची पुस्तके ठेवावीत, आणि वर्षातून एखादे दिवशी येथील एखाद्या इतिहासशिक्षकास बोलावून आमच्याविषयी त्यांच्या पुस्तकात काय आहे ते मुलांसमक्ष ऐकावे, अशी आमची विनंती आहे. थोडे टोचेल. पण फ्रेंच आणि जर्मन शिक्षक ज्या टेबलाशी बसले, तेथेही त्यांना टोचलेच असेल.