शून्य दाखवणारा काटा

आम्ही आपट्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्यात चौघींच्या घरी भंगाराचं काम आहे, म्हणून हा विषय.

आपली पाताळगंगा खोपोलीकडून येते. त्याच खोपोलीच्या एका ओतशाळेतलं पोलाद २००८ साली पार फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत निघालं, आणि त्यात कोबाल्ट-६० होतं. भंगारातून वितळून आलेलं. पुढे २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात लिलावातलं जुनं यंत्र फोडलं, तेव्हा तर एक माणूस दगावला. गॅमा किरणांना वास नाही, रंग नाही, लागताना चटकाही बसत नाही.

ते ओळखायला आमच्या ओळखीच्या एका भंगारवाल्या भाऊंनी सिंटिलेशन प्रोब घेतला. जुना, दुरुस्त केलेला. नवा परवडत नाही, त्यात कमीपणा कसला? या नळकांड्याच्या टोकाला सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. किरण आत शिरला की बारीक उजेड चमकतो, मागची नळी त्याचा विजेचा ठोका करते आणि यंत्र ठोके मोजतं.

आता हे सोडियम आयोडाइड मिठाच्याच जातीचं. आषाढात आपल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसा हा स्फटिकही ओल धरतो. म्हणून तो हवाबंद डबीत ठेवतात. डबी कुठे पिचली की स्फटिक पिवळा पडतो आणि उजेड आतच अडतो. वरून रंग दिलेला असला तरी आतून आंधळा!

भाऊ खुशीत होते. "बघा ताई, काटा शून्यावर. आपला माल चोख." आमच्यातल्या एकीची लेक प्रयोगशाळेत कामाला आहे, तिनं कपाळाला हात लावला. मातीत, दगडात थोडं गॅमा असतंच, आभाळातूनही येतं. धड प्रोब रिकाम्या अंगणातही ठोके मोजत राहतो. शून्य म्हणजे प्रोबच बिघडलेला.

तो परत पाठवलाय. माहितीच्या स्रोतासमोर धरून तपासल्याचा, तारीख घातलेला कागद द्या, असं विकणाऱ्याला सांगितलंय.

तोवर आम्ही डोळ्यांनीच बघतो. आकाराच्या मानानं फार जड डबा, शिशाचा गोळा, किंवा पिवळ्यावर तीन पात्यांची खूण दिसली, तर हातोडा मारायचा नाही, घरी आणायचा नाही. पोरांना घेऊन लांब व्हायचं आणि ११२ ला फोन लावायचा. पैसे बुडाले तर बुडाले.