एका ओसरीत किती लेकरे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरात पाळणाघराचा विषय निघाला की पुरुष कार्यकर्ते थोडे सैलावून बसतात आणि काहीजण चहाच्या निमित्ताने बाहेर पडतात. मजुरीचा दर, वनजमिनीचा दावा, धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे राजकारणाचे प्रश्न. दोन वर्षांचे पोर दिवसभर कोणाजवळ राहावे हा बायकांचा घरगुती प्रश्न, असा समज चळवळीत खोलवर रुजलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यात तरी हा समज टिकण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सातजण आदिवासी आहेत आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळलेली आहेत. ही बालके ज्या घरांतील आहेत त्या घरांत आई दिवसभर कामावर असते. तिच्या मजुरीचा प्रश्न राजकीय आणि तिच्या पोराचा प्रश्न खाजगी, ही वाटणी कोणी केली, याचा विचार व्हावयास हवा.

प्रश्न अगदी साधा दिसतो. समजा, धडगाव तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची एक बाई शेजारणींची मुले आपल्या ओसरीत सांभाळावयास तयार झाली. पहिल्या आठवड्यात तीन मुले आली. निंदणीचे दिवस सुरू झाले तशी सात झाली. मग जावेने आपले तान्हे आणून ठेवले; त्याला नाही कसे म्हणावे? पावसाळा ऐन भरात येईतो ओसरीत बारा मुले झाली, आणि ती बाई स्वयंपाक, पाणी, शेळ्या सांभाळून बारा पोरांकडे पाहू लागली. प्रत्यक्षात पाहू लागली ती तिची दहा वर्षांची मुलगी, जिचे नाव त्या वेळी शाळेच्या पटावर होते. किती मुले घ्यावीत हा हिशेब त्या बाईला कोणी सांगितला नव्हता. तो सांगण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे, आणि तो सांगावयाचा तर आधी स्वतः मांडावयास हवा.

शासनाने या बाबतीत आकडे दिलेले नाहीत असे नाही. उलट ते भरपूर दिलेले आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. येथे मोजल्या जात त्या बायका. मुले किती, याला महत्त्व नव्हते. तीसच्या उंबरठ्याच्या अलीकडे हजेरीपट थांबवण्याची युक्ती कोणत्याही मालकाला शिकवावी लागत नसे, हे कामगार संघटनांत काम केलेल्यांना ठाऊकच आहे. २००६ सालच्या राजीव गांधी पाळणाघर योजनेत एका केंद्रात पंचवीस मुले, एक सेविका आणि एक मदतनीस असे प्रमाण होते. २००६ च्याच डिसेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. हा आदेश मोलाचा आहे आणि त्याच्या आधारे अर्ज करण्यात कार्यकर्त्यांनी कसूर करू नये. परंतु सातपुड्यातला पाडा हा देशावरच्या गावासारखा एका जागी गोळा झालेला नसतो. एकेक घर आपापल्या शेतात, मधे ओढा, मधे टेकडी. चाळीस मुले मोजावयाची तर तीन डोंगर मोजावे लागतात. नर्मदेच्या बुडित क्षेत्राच्या काठावर २०२० सालच्या टाळेबंदीत याच जिल्ह्यातील एक अंगणवाडी सेविका बालकांना आणि गरोदर स्त्रियांना आहार पोचवण्यासाठी स्वतः होडी वल्हवीत जात होती. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण सेविकेला होडी वल्हवावी लागते, याचा अर्थ केंद्र आणि मूल यांतील अंतर चुकीचे आखलेले आहे, एवढे तरी त्या कौतुकात कोणी म्हणावयास हवे होते.

शिवाय अंगणवाडीची वेळ काही तासांची, आणि तिचा भर तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर. तीन वर्षांखालच्या मुलाचे वजन घेतले जाते, लस टोचली जाते आणि घरी न्यावयाचा शिधा आईच्या हाती दिला जातो. तो शिधा शिजवून मुलाला भरवावयाचा कोणी? मोहाच्या दिवसांत आई पहाटे अंधारात फुले वेचावयास निघते. पावसाळ्यात निंदणी, हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथारी. पथारीवर मूल बरोबर नेले तर तिखटाच्या धुरळ्यात बसते, आणि न नेले तर घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते. तीन वर्षांखालचे मूल दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे खाते. एकदाच ताटभर वाढून त्याचे भागत नाही. ज्याला आपण कुपोषण म्हणतो त्यातील मोठा भाग घरात धान्य असूनही भरवणारा हात नसल्याचा आहे. धान्य नसण्याचा भाग वेगळा, आणि तोही आहेच.

आता ओसरीचा हिशेब. एका लहानग्याला एक वेळ भरवावयास पाव तास लागतो असे धरा. चार वेळांचा एक तास झाला. अशी आठ मुले असतील तर आठ तास नुसते भरवण्यातच गेले. धुणे, झोपवणे, शी काढणे, पडलेल्याला उचलणे यांना दिवस उरला नाही. म्हणून ज्या बाईने आठ सांभाळली असे सांगितले जाते, तिने काहींना भरवले नाही, किंवा कोणा मुलीला शाळेतून काढून हाताशी घेतले. दुसरी कसोटी याहून सोपी. चुलीने छपराला पेट घेतला किंवा ओढ्याला अचानक पाणी आले, तर बाईच्या दोन कडेवर दोनच मुले बसतात. चालता न येणारी मुले दोनांहून अधिक घ्यावयाची नाहीत, हा नियम कोणत्याही परिपत्रकावाचून पाड्यावरच्या बाईला पटतो. या दोन कसोट्या एकत्र लावल्या म्हणजे एकट्या बाईच्या ओसरीत तीन वर्षांखालची मुले पाच, त्यांपैकी रांगती आणि तान्ही दोन, असा आकडा येतो. बाईचे स्वतःचे मूल त्या पाचांतच धरावयाचे. ते बहुधा विसरले जाते.

हा आकडा फार लाडाचा आहे, असे कोणी म्हणेल. फ्रान्समध्ये स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक स्त्रीला एका वेळी साधारणतः चार मुलांची परवानगी असते. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालची सहा, त्यांपैकी शाळेच्या वयाखालची तीन आणि वर्षाखालचे एक, अशी मर्यादा आहे. तेथे नळाला पाणी येते आणि स्वयंपाकाला लाकूड फोडावे लागत नाही. सातपुड्यातल्या बाईकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करणारांनी एक दिवस तिच्या ओसरीत बसून पाहावे. आपल्याकडेही छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने जंगलातील गावांत ज्या फुलवाऱ्या चालवल्या, तेथे गावातल्याच स्त्रीकडे मोजकी लहान मुले सोपवली आणि गावातच ऊन जेवण शिजवले. मुले मोजकी ठेवली म्हणून ते काम उभे राहिले.

या विचाराचा उगम महाराष्ट्रातच आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना फारसे ठाऊक नसते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या साध्या निष्कर्षातून अंगणवाडी हा शब्द जन्मला. तोच शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुली शाळेत का येत नाहीत, याचे कारण कडेवर बसलेले दिसले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. राज्यसंस्थेने अंगणवाडी हा शब्द उचलला, तिच्यातले अंगण मात्र मागे ठेवले. पाळणाघर तर पार वगळले.

मग पैशाचा प्रश्न. येथेच खरी अडचण आहे, आणि चळवळीने तिच्याकडे डोळेझाक करू नये. पाच मुले सांभाळणाऱ्या बाईला एक मजुरी मिळावयाची तर प्रत्येक आईने आपल्या मजुरीचा पाचवा भाग द्यावा लागतो. दहा मुले घेतली तर दहावा भाग पुरतो. म्हणजे बाईच्या ओसरीत मुले वाढतात ती तिच्या लोभामुळे नव्हे. शेजारणींच्या दारिद्र्यामुळे वाढतात. मुंबई-पुण्याच्या वसाहतींतील मध्यमवर्गीय पाळणाघरांत फी वाढवून मुलांची संख्या कमी ठेवता येते. पाड्यावर ती वाट बंद आहे. जो आकडा मुलाच्या दृष्टीने योग्य तो आईला परवडत नाही, आणि आईला परवडेल तो मुलाला सोसत नाही.

या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट कायद्याने दाखवली होती. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात असे होते की, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकीच एका स्त्रीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. पाच हा आकडा येथेही आलेला आहे, पण तो आरंभाचा आकडा आहे. वरची मर्यादा त्यात नाही. तरीही या तरतुदीचे तत्त्व क्रांतिकारक होते. मूल सांभाळणे हे काम आहे, त्याची मजुरी खड्डा खणण्याइतकी आहे, आणि ती आईच्या पदरातून न जाता कामाच्या खर्चातून द्यावयाची आहे. व्यवहारात काय झाले? कामावर पाळणाघर नाही म्हणून बाया मुले आणीत नाहीत, आणि मुले आलेली नाहीत म्हणून पाळणाघर लागत नाही. हजेरीपट भरताना मुलांचा रकाना शून्य. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची मुले दगडांच्या ढिगाशी झोळीत निजत. निदान ती दिसत तरी होती.

शहाद्याच्या परिसरात त्याच काळात श्रमिक संघटनेने सालदारांचा आणि शेतमजुरांचा लढा उभारला, अंबरसिंग सुरतवंतींसारखा नेता त्या लढ्यात होता, आणि भिल्ल स्त्रिया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. त्या स्त्रियांच्या मागण्यांत पाळणाघराला कितपत स्थान मिळाले, हा प्रश्न त्या पिढीतील कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

मजुरीचे तत्त्व सोडले की काय होते, याचे उदाहरण अंगणवाडी सेविका आहेत. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील दाहोदच्या प्रकरणात त्यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना संप करावा लागला. ओसरीतल्या बाईला ‘स्वयंसेविका’ असे गोड नाव देऊन तिच्याकडून हेच करवून घेण्याचा बेत उद्या निघेल. त्या वेळी पक्षाच्या लोकांनी टाळ्या वाजवू नयेत.

ऋतूंचाही हिशेब आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या उचली घेऊन बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे गुजरातेत सुरत-बार्डोलीकडे किंवा दक्षिणेकडच्या कारखान्यांवर जातात आणि होळीला परततात. श्रावणात ज्या पाड्यावर तीन वर्षांखालची दहा मुले होती, तेथे पौषात चार राहतात. उरलेली फडाच्या कडेला पाचटावर असतात. एका आकड्यावर वर्षभराचे अनुदान बांधणारी योजना येथे दोन महिन्यांत बंद पडते, आणि ‘लाभार्थी नाहीत’ असा शेरा फाइलीवर येतो. म्हणून मागणी दोन ठिकाणी हवी. पाड्यावर ओसरी, आणि कारखान्याच्या तळावर त्याच पाड्याची, मुलांची बोली जाणणारी बाई. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या दीड वर्षाच्या पोराला परक्या भाषेत जोजवता येत नाही.

दीडशे वस्तीच्या पाड्यात तीन वर्षांखालची मुले ढोबळ मानाने दहाच्या घरात असतात. त्यांच्यासाठी दहा मुलांचे एक केंद्र मागण्यापेक्षा पाच-पाचांच्या दोन ओसऱ्या मागाव्यात. आईला दुपारी पाजावयास येता येईल इतक्या त्या शेताजवळ असतील. जेथे दोन बाया एकत्र बसावयास राजी असतील तेथे एकाच ओसरीत दहा चालतील. मात्र त्या दुसऱ्या बाईच्या नावावरही मजुरी लागली पाहिजे. शाळेतली मुलगी मदतनीस म्हणून धरावयाची नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के वाटा थेट देण्यात आला. तो कशावर खर्चावयाचा हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. आजवर तो बहुतेक ठिकाणी सिमेंटकडे वळतो, कारण सिमेंटाचे अंदाजपत्रक तयार असते आणि ओसरीचे कोणी करीत नाही.

ते करावयास फार विद्वत्ता लागत नाही. घरांची यादी, प्रत्येक घरातील तीन वर्षांखालचे मूल, त्यांपैकी चालणारे किती, दिवाळीनंतर जाणारे किती, घरी आजी आहे की नाही, एवढे एका वहीत पाड्यावरच्या बायांकडूनच लिहून घ्यावे. मग दोन बायांची वर्षाची मजुरी, ऊन जेवणाचा शिधा आणि चार झोळ्या यांचा खर्च खाली मांडावा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ही वही बरोबर असावी. ग्रामसभेपूर्वी बायांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, तीही लक्षात ठेवावी, आणि ठराव लिहिताना मजुरीच्या जागी मानधन हा शब्द ग्रामसेवकाने घातलेला नाही हे सही होण्यापूर्वी वाचून घ्यावे.