व्यसनमुक्ती : घराने दडविले, गावाने सावरावे

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या शिबिरातील भाषण)



अंमली पदार्थांचा प्रश्न मोठ्या शहरांचा, आपल्या गावाशी त्याचा संबंध नाही, असा समज अजूनही आढळतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा, चरस यांचे, तर २ कोटी २६ लाख लोक अफू व हेरॉइन या वर्गातील पदार्थांचे सेवन करीत होते. व्हाइटनर, पेट्रोल, डिंकासारखे चिकटद्रव्य हुंगण्याचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत त्याहून अधिक आढळले. या वस्तू साध्या दुकानातही मिळतात, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

प्रारंभी मौज म्हणून घेतलेला पदार्थ पुढे शरीराची गरज बनतो. गर्द घेणाऱ्याला ती वेळेवर न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, सांधे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी लोक या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. ती टाळण्यासाठी मग घरातील भांडीकुंडीही विकली जातात.

अशा वेळी घरचे लोक अब्रूच्या भीतीने गोष्ट दडवितात. 'लग्न झाले की सुधारेल' या आशेने मुलाचे दोनाचे चार हात करतात. आजार तसाच राहतो आणि एका निरपराध मुलीचे आयुष्य मात्र पणाला लागते. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतो, असे हीच पाहणी सांगते.

पोलिसांची भीती हेही दडविण्याचे एक कारण असते. तथापि १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ नुसार, स्वतःच्या सेवनासाठी वा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. विक्रेत्याला मात्र कठोर शिक्षेची तरतूद आहे. हा भेद गावाला समजावून सांगणे आपले काम आहे.

उपचाराने माणसे सावरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेल्या मुक्तांगण केंद्राने हे दाखवून दिले आहे. उपचारानंतर कोणी पुन्हा घसरला, तर त्याला टाकून देऊ नये. पुन्हा उपचारास न्यावे. खंडानंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास प्राणही जाऊ शकतो, हे त्याला व घरच्यांना आवर्जून सांगावे.

पंचायतीने जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता व १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक फलकावर लिहावा. वर्गात सतत गैरहजर राहणाऱ्या, एकाएकी अबोल झालेल्या मुलाच्या घरी शिक्षकांनी स्वतः जावे. त्या घराला आपला मुलगा आजारी आहे असे मोकळेपणाने म्हणता आले, म्हणजे उपचाराची वाट खुली होईल. तेवढा विश्वास त्याला देणे आपल्या हाती आहे.