मालमोटारीच्या नळीतील बर्फ

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात पौषातली थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक शाल अधिक आणि चहाचा दुसरा पेला. पाणी गोठलेले तेथील मुलांनी पाहिले असेल ते फ्रिजमध्येच. अशा ठिकाणी बसून गोठलेल्या नळ्यांची हकिगत ऐकावी, हे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच घरातील टोपलीत काश्मीरचे सफरचंद असते, आणि ते घेऊन येणाऱ्या मालमोटारीला बनिहालच्या डोंगरातून यावे लागते. २१ डिसेंबरपासून पुढचे चाळीस दिवस काश्मिरी लोक ज्यास ‘चिल्लई कलां’ म्हणतात, त्या काळात तेथे रात्रीचा पारा शून्याखाली उतरतो आणि गाडीवानाची परीक्षा सुरू होते.

मालमोटारीचा ब्रेक म्हणजे लहान मोटारीच्या ब्रेकचीच थोरली आवृत्ती, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तसे नाही. लहान मोटारीत चालकाच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचवितो तो तेलासारखा द्रव. अवजड मालमोटारीत, आणि मागे ट्रेलर जोडलेल्या गाडीत तर विशेषच, हे काम दाबलेल्या हवेकडून करून घेतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन कल्पकाने १८६९ साली आगगाडीसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळविले; त्याच कल्पनेचे हे रस्त्यावरील अपत्य. इंजिनाच्या बळावर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो व दाबून टाक्यांत भरतो. तेथून ती नळ्यांवाटे चाकांकडे जाते.

आता हवा म्हटली की तिच्याबरोबर पाण्याची वाफ आलीच. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ते तांब्यातून पाझरलेले नसतात. ते हवेतलेच पाणी होय. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने राहू शकते. ० अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. शिवाय हवा दाबून तिचे आकारमान आठव्या-नवव्या हिश्श्यावर आणली, की वाफेला राहण्यास जागाही तेवढीच उरते. दाबताना हवा तापते (सायकलला पंपाने हवा भरणाऱ्या मुलास हे पंपाच्या बुडाला हात लावताच कळते), आणि टाकीत जाऊन निवली की जादा वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते.

समजा, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून एक ट्रेलर श्रीनगरला निघाला. मध्य प्रदेश, दिल्ली, पंजाब ओलांडून तो जम्मूस पोचेतोवर टाकीच्या तळाशी वाटेतल्या मैदानी हवेचे पाणी जमलेले असते. जम्मूपर्यंत त्याची कोणास दादही नसते. पुढे चढण लागली, रात्र पडली, गाडी मुक्कामास थांबली, की तेच पाणी नळीच्या एखाद्या खोलगट वळणात किंवा झडपेच्या चिंचोळ्या तोंडाशी गोठून बसते. बर्फ घाटातला खरा, पण पाणी बरोबर आणलेले!

हा बर्फ कोठे धरतो यावर सारे अवलंबून असते. मागच्या चाकांवर दणकट स्प्रिंगा असतात. हवेने त्यांना मागे रेटून धरले तरच चाक मोकळे राहते. तेथे हवा पोचली नाही तर गाडी जागची हलत नाही. मनस्ताप होतो, मालाला उशीर होतो, जीव मात्र सुरक्षित राहतो. परंतु चालकाच्या पायाचा हुकूम ज्या नळीने मागे जातो, तीच कोंडली तर? गाडी सुटते, चालते, आणि पहिल्या उतारावर कळते की ट्रेलरचा ब्रेक लागतच नाही. मागचे सगळे ओझे पुढच्या गाडीवर लोटते. म्हणून रात्रभर थंडीत उभी राहिलेली गाडी उताराला लावण्यापूर्वी सपाटीवर, अगदी मंद गतीने, पुढचा व मागचा ब्रेक वेगवेगळा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गाडी अडली की घायकुतीस आलेला क्लीनर चिंध्यांचा बोळा डिझेलमध्ये बुडवून पेटवितो आणि नळीखाली धरतो. यासारखा अविचार नाही. आजच्या नळ्या बहुधा नायलॉनच्या वा रबराच्या. त्या मऊ पडतात, आतून चिरतात, आणि शेजारीच डिझेलची टाकी असते. वरून उकळते पाणी ओतणेही शहाणपणाचे नव्हे. तेच थोड्या वेळाने सांध्यावर गोठते. प्रथम चाकांना उटी लावावी, कारण बर्फ सुटताच स्प्रिंगा मागे सरून गाडी आपोआप गडगडण्याचा संभव असतो. मग गाडी आडोशाला असेल तर उत्तम. नसेल तर संशयित सांध्यावर उष्ण वारा सोडणारे यंत्र धरावे आणि धीर धरावा. नळीत मद्यार्क सोडून बर्फ वितळविण्याची जुनी युक्ती आहे, पण त्याने झडपांची रबरे सुकतात व हवा सुकविण्याच्या यंत्रातील दाणे बिघडतात. तो अगदी निरुपायाचा इलाज.

नव्या गाड्यांत हे सुकविण्याचे यंत्र, म्हणजे एअर ड्रायर, कॉम्प्रेसर व टाक्या यांच्या मध्ये असते. त्याच्या डब्यातील दाणे हवेतील ओल शोषतात आणि टाक्या भरल्या की ती ओल एका दमात बाहेर फेकली जाते. जालना रोडवर उभ्या मालमोटारीखालून मध्येच ‘फुस्स’ असा आवाज येऊन शेजारचा स्कूटरवाला दचकतो, तो पुष्कळदा याचाच उच्छ्वास. पण झिजलेल्या कॉम्प्रेसरचे तेल त्या दाण्यांवर चढले की त्यांची शोषणशक्ती जाते. आणि मराठवाड्यात पाणी गोठत नसल्यामुळे मालकास त्याची वार्ताही लागत नाही. डबा बदलण्याचा खर्च पुढच्या वर्षावर जातो. त्याचे देणे बनिहालला चुकवावे लागते, आणि तेही मालकाला नव्हे, चालकाला.

टाकीच्या बुडाशी पाणी सोडण्याची एक लहानशी झडप असते. जम्मूला मुक्कामास गाडी थांबताच, टाक्या अजून कोमट आहेत तोवर ती उघडावी. कॉम्प्रेसरला सर्वांत जवळची टाकी पहिली, कारण पाणी अधिक तिच्यातच. प्रथम पाणी येते, मग पांढुरके तुषार, आणि शेवटी नुसती कोरडी हवा. पाण्यासोबत काळे तेल आले, तर घाट चढण्यापूर्वी गाडी मिस्त्रीला दाखवावी.